पोकेमॉनचे खेळ आणि चाहत्यांची मतमतांतरे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोकेमॉनच्या मुख्य खेळांवरून चाहत्यांमध्ये वर्षानुवर्षे जे वाद चालू आहेत, त्यांच्याविषयी वाचक पुन्हा पुन्हा विचारत असलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. कार्टून, पत्ते आणि पोकेमॉन गो यांचा उल्लेख जिथे संबंध येतो तिथेच केला आहे. पुनरुक्ती टाळण्यासाठी प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

1. ‘पिढी’ म्हणजे नेमके काय आणि आजवर किती पिढ्या झाल्या?

नवा प्रदेश, नवे पोकेमॉन आणि लढाईच्या नियमांत काही भर घेऊन येणाऱ्या खेळांच्या गटाला चाहते पिढी म्हणतात. गेम फ्रीक या जपानी कंपनीचे रेड आणि ग्रीन हे पहिले दोन खेळ 27 फेब्रुवारी 1996 रोजी निन्टेन्डोच्या गेम बॉय या हातातल्या यंत्रासाठी जपानमध्ये आले आणि त्यांत 151 पोकेमॉन होते. 2022 साली स्कार्लेट आणि व्हायोलेट यांनी नववी पिढी सुरू केली व तिच्या पुरवण्या धरून ही संख्या 1025 वर गेली. मात्र एका पिढीत मूळ जोडखेळ, बहुधा त्याची सुधारित आवृत्ती आणि एखाद्या जुन्या प्रदेशाचा नव्याने घडवलेला खेळ असे बरेच काही सामावलेले असते. बहुतेक वादांतला गोंधळ इथूनच सुरू होतो. प्रश्न 4 पाहावा.

2. मी फक्त कार्टून पाहिले आहे. हे वाद समजण्यासाठी किमान काय माहीत असावे?

खेळात अ‍ॅश नसतो. तिथे तुम्हीच प्रशिक्षक असता. तीन स्टार्टरांपैकी (सुरुवातीच्या पोकेमॉनपैकी) एक निवडायचा, गवतातले पोकेमॉन पकडायचे, गावोगावच्या जिम लीडरांना हरवून आठ बॅज मिळवायचे, मग एलिट फोर हे चार निवडक प्रशिक्षक आणि चॅम्पियन यांना हरवायचे, असा बहुतेक खेळांचा सांगाडा आहे. लढाई टाइपच्या, म्हणजे पाणी, अग्नी, वीज अशा प्रकारांच्या, गणितावर चालते आणि हे गणित कार्टूनइतके सैल नसते. कार्टूनमध्ये विजेच्या पिकाचूने जिम लीडर ब्रॉकच्या ऑनिक्सला, म्हणजे खडक आणि जमीन टाइपच्या पोकेमॉनला, हैराण केले. खेळात जमिनीच्या टाइपवर विजेचा परिणाम शून्य असतो, त्यामुळे पिकाचूने कितीही विजा पाडल्या तरी ऑनिक्सच्या अंगावर ओरखडासुद्धा उठत नाही. पहिल्या खेळात अग्नीचा चारमॅंडर निवडणाऱ्याची ब्रॉकपाशी जी दमछाक होते, तीही याच गणितामुळे.

3. एकच खेळ दोन नावांनी विकणे ही लूट नाही का?

सुरुवातीला तरी ती लूट नव्हती. खेळाचे जनक सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद होता, आणि दोन गेम बॉय जोडणारी तार पाहून पकडलेले प्राणी एकमेकांना देता येतील ही कल्पना त्यांना सुचली. रेडमध्ये एकान्स मिळतो पण सॅंडश्रू मिळत नाही. हॉन्टर, कडाब्रा, मशोक आणि ग्रॅव्हलर तर अदलाबदलीशिवाय इव्हॉल्व्हच होत नाहीत, म्हणजे पुढच्या रूपात जात नाहीत. मित्राला गाठायला लावणे हाच हेतू होता, आणि खेळाची दोन्ही काडतुसे एकट्याने घेण्याची गरज कधीच नव्हती.

तक्रारीला खरी जागा आहे ती तिसऱ्या आवृत्तीपाशी. क्रिस्टल, एमराल्ड किंवा प्लॅटिनम म्हणजे जवळपास तोच खेळ, पण सुधारलेला, आणि त्यासाठी पुन्हा पूर्ण किंमत. आठव्या पिढीपासून त्याऐवजी विकतच्या पुरवण्या आल्या आणि आधीचा खेळ वाया जाण्याचे थांबले. मात्र त्या पिढीच्या सोर्ड-शील्ड या जोडीत सोर्डची पुरवणी शील्डवर चालत नाही, हे विकत घेण्याआधी पाहून घ्यावे.

4. मग सर्वांत चांगली पिढी कोणती?

पिढीला क्रमांक देण्याआधी त्या पिढीतला कोणता खेळ डोळ्यांसमोर आहे ते विचारावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. चौथी पिढी घेऊ. 2006 च्या डायमंड आणि पर्लमध्ये पाण्यावरचा प्रवास रेंगाळत होई आणि लढाईत हेल्थचा पट्टा इतका सावकाश उतरे, की मोठ्या पोकेमॉनशी गाठ पडली की हात टेकायची वेळ येई. प्रादेशिक पोकेडेक्समधील (त्या प्रदेशातल्या पोकेमॉनच्या यादीतील) 150 पोकेमॉनमध्ये अग्नी टाइपच्या दोनच वंशावळी होत्या, चिमचारची आणि पोनिटाची. परिणामी एलिट फोरमधला फ्लिंट, जो स्वतःला अग्नीचा तज्ज्ञ म्हणवतो, तो रॅपिडॅश आणि इन्फरनेप यांच्या जोडीला स्टीलिक्स, लोपनी आणि ड्रिफब्लिम घेऊन उभा राहतो. म्हणजे पाचांतले तीन अग्नीचे नाहीतच. 2008 च्या प्लॅटिनममध्ये पोकेडेक्स 210 वर गेला, वेग सुधारला आणि फ्लिंटकडे हाउंडूम, फ्लेअरिऑन व मॅगमॉर्टार आले. ‘चौथी पिढी भिकार’ आणि ‘चौथी पिढी सर्वोत्तम’ असे म्हणणारे दोन चाहते बऱ्याचदा दोन वेगळ्या खेळांबद्दल बोलत असतात. 2021 साली याच प्रदेशाचा खेळ नव्याने आला तेव्हा प्लॅटिनमऐवजी डायमंडचा आधार घेतला गेला, आणि जुन्या चाहत्यांचा राग मुख्यतः त्यावरच होता.

एका गोष्टीचे श्रेय मात्र साऱ्या चौथ्या पिढीला द्यायला हवे. त्याआधी हल्ला शारीरिक की स्पेशल हे टाइपवरून ठरत असे. पाण्याचे सगळे हल्ले स्पेशल, त्यामुळे दांडगा अटॅक (शारीरिक हल्ल्याचे बळ) असलेल्या, पाण्याच्या टाइपच्या ग्याराडोसला स्वतःच्या टाइपचा जोरकस हल्लाच उरत नसे. चौथ्या पिढीत हे प्रत्येक मूव्हनुसार, म्हणजे त्या-त्या हल्ल्यानुसार, ठरू लागले, आणि कितीतरी जुन्या पोकेमॉनचे नशीब उघडले.

5. पहिली पिढी खरोखर इतकी चांगली होती, की हे सगळे बालपणीच्या आठवणींचे कौतुक आहे?

दोन्ही. 151 पोकेमॉन आणि कांटो प्रदेशाची आटोपशीर मांडणी आजही भुरळ घालते. लढाईचे यंत्र मात्र जागोजागी खिळखिळे होते. भूत टाइपचा हल्ला सायकिक टाइपवर भारी पडावा अशी अपेक्षा होती, पण प्रोग्राममधील चुकीमुळे त्याचा काहीच परिणाम होत नसे. शिवाय भुतांची एकुलती एक वंशावळ विष टाइपचीही असल्याने तीच सायकिकपुढे लोळण घेई. त्यामुळे अलाकाझॅम या सायकिक पोकेमॉनला रोखणारे जवळपास कोणी उरले नाही. फोकस एनर्जी ही मूव्ह निर्णायक घाव बसण्याची शक्यता वाढवण्यासाठी होती, आणि ती प्रत्यक्षात शक्यता घटवत असे. या त्रुटी ठाऊक असूनही पहिली पिढी आवडत असेल तर ते मत पक्के म्हणावे. अनेकांना त्या आठवतच नाहीत, ही वेगळी गोष्ट.

6. जोहतोचे सगळे कौतुक करतात, मग ‘लेव्हलचा घोळ’ हा काय प्रकार आहे?

जोहतो हा 1999 च्या गोल्ड आणि सिल्व्हरचा प्रदेश. या खेळांनी दिवस-रात्रीचे खरे घड्याळ, अंडी, वेगळ्या रंगाचे दुर्मीळ शायनी पोकेमॉन आणि कथा संपल्यावर सबंध कांटो प्रदेश दिला. सोळा बॅजचा तो प्रवास जोहतोबाहेरच्या कोणत्याही खेळाला साधला नाही, त्यामुळे कौतुक रास्तच आहे. घोळ असा, की चौथ्या बॅजनंतर पुढची काही जिम कोणत्याही क्रमाने घेता येतात आणि म्हणून सर्वांची लेव्हल खालीच ठेवलेली आहे. रानातले पोकेमॉन त्याहून खाली, त्यामुळे संघ वाढवायला जागाच सापडत नाही. कांटोतला शेवटचा जिम लीडर ब्लू याचा सर्वांत वरचा पोकेमॉन लेव्हल 58 चा, आणि त्यानंतर माउंट सिल्व्हरवर उभ्या असलेल्या रेडचा (पहिल्या खेळाच्या नायकाचा) पिकाचू लेव्हल 81 चा. मधली दरी भरून काढायची ती एलिट फोरला पुन्हा पुन्हा हरवूनच.

दुसरी तक्रार कमी ऐकू येते, पण आम्हाला ती अधिक गंभीर वाटते. हाउंडूर आणि स्लग्मा हे दुसऱ्या पिढीचे नवे पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हरमध्ये जोहतोच्या रानात भेटतच नाहीत. ते कांटोत भेटतात, म्हणजे मुख्य कथा उरकल्यावर. प्रश्न 4 मधला नियम इथे थोडा लंगडा पडतो, कारण 2009 च्या हार्टगोल्ड आणि सोलसिल्व्हर या नव्याने घडवलेल्या खेळांनी जोहतो देखणा केला, पोकेमॉनला आपल्या मागून चालायला लावले, पण लेव्हलची चढण जवळपास तशीच राहू दिली.

7. ‘पाणी फार आहे’ हा विनोद कुठून आला?

2014 साली ओमेगा रुबी आणि अल्फा सफायर या नव्याने घडवलेल्या खेळांना आयजीएन या खेळविषयक संकेतस्थळाच्या परीक्षणात 10 पैकी 7.8 गुण मिळाले आणि उणिवांच्या यादीत ‘पाणी फार आहे’ असे लिहिलेले होते. चाहत्यांनी त्याची यथेच्छ टिंगल केली, पण या खेळांचा होएन प्रदेश खेळलेल्याला मुद्दा कळतो. नकाशाचा पूर्वेकडचा मोठा भाग समुद्र आहे, तिथे दर थोड्या अंतरावर टेंटाकूल नाहीतर विंगल आडवा येतो, आणि सर्फ, डाइव्ह, वॉटरफॉल या मूव्ह कुणाला तरी शिकवून ठेवाव्याच लागतात. आमच्या मते परीक्षणाने नेमक्या दुखण्यावर बोट ठेवले होते, फक्त ते फार तोकड्या शब्दांत ठेवले. त्याच खेळांवरची अधिक वजनदार तक्रार वेगळी आहे: एमराल्डमधील सात प्रकारच्या लढायांचे बॅटल फ्रंटियर नव्या खेळात आलेच नाही, त्याची केवळ छोटी प्रतिकृती मांडून ठेवलेली दिसते.

8. पाचव्या पिढीला आधी शिव्या आणि आता डोक्यावर घेणे, हे कसे झाले?

2010 च्या ब्लॅक आणि व्हाइटमध्ये एकदम 156 नवे पोकेमॉन आले आणि कथा संपेपर्यंत जुना एकही रानात भेटत नव्हता. पिकाचू नाही, झुबॅटसुद्धा नाही. ज्यांना ओळखीचे चेहरे हवे होते त्यांना हा आगाऊपणा वाटला. दुसरीकडे, पोकेमॉनना पकडून लढवणे योग्य आहे का, असा या मालिकेच्या मुळावरच घाव घालणारा प्रश्न एन नावाच्या पात्राच्या तोंडून विचारला गेला, मूव्ह शिकवणारे टीएम वारंवार वापरता येऊ लागले, आणि लढाईतली चित्रे सतत हलती झाली.

मत बदलले त्यामागे दोन कारणे दिसतात. तेव्हा लहान असलेले खेळाडू आता मोठे होऊन लिहू लागले आहेत, हे एक. दुसरे म्हणजे पुढच्या काही खेळांत कथा आणि अवघडपणा दोन्ही पातळ झाले आणि तुलनेत पाचवी पिढी उजळून निघाली. 2012 च्या ब्लॅक 2 आणि व्हाइट 2 मध्ये जुने पोकेमॉन सुरुवातीपासून मिळत असल्याने मूळ आक्षेप त्यांना लागूच होत नाही. त्यामुळे ‘पाचवी पिढी’ म्हणताना कोणता खेळ, हे इथे आवर्जून विचारावे.

9. नव्या पोकेमॉनची रचना पूर्वीपेक्षा खालावली आहे का?

आइस्क्रीमचा व्हॅनिलाइट आणि कचऱ्याच्या पिशवीचा ट्रबिश ही नेहमीची उदाहरणे पुढे केली जातात. पण पहिल्या पिढीत ग्रायमर म्हणजे गाळ, व्होल्टॉर्ब म्हणजे चेंडू, एक्झेग्क्यूट म्हणजे अंड्यांचा घोळका, आणि मॅग्नेटॉन म्हणजे तीन मॅग्नेमाइट. खालावल्याचा आरोप आम्हाला पटत नाही. अलीकडच्या रचनांत रेषा आणि रंग वाढले आहेत, हे निरीक्षण मात्र खरे आहे.

10. ‘डेक्झिट’ म्हणजे काय, आणि तो राग अजून का शमत नाही?

जून 2019 मध्ये गेम फ्रीकचे जुनिची मासुदा यांनी सांगितले, की सोर्ड आणि शील्डमध्ये सर्व जुने पोकेमॉन आणता येणार नाहीत. यालाच चाहते डेक्झिट म्हणतात. या खेळांच्या गालार प्रदेशाच्या पोकेडेक्समध्ये 400 होते. वर्षानुवर्षे एका खेळातून दुसऱ्या खेळात जपत आणलेला पोकेमॉन आता दारातच अडवला जाणार, ही गोष्ट संग्रह करणाऱ्यांच्या जिव्हारी लागली.

‘असे पूर्वी कधी झालेच नव्हते’ हे विधान मात्र तपासून घ्यावे. 2002 च्या रुबी आणि सफायरमध्ये मागच्या पिढीतून काहीच आणता येत नव्हते आणि जुने बरेचसे पोकेमॉन रानातही नव्हते. फरक असा, की त्या काडतुसात सर्व 386 पोकेमॉनची माहिती भरलेली होती, त्यामुळे 2004 मध्ये फायररेड-लीफग्रीन हे पहिल्या पिढीचे नव्याने घडवलेले खेळ आल्यावर अदलाबदलीने ते मिळू लागले. सोर्डमध्ये वगळलेल्यांची माहितीच नाही, आणि नवव्या पिढीतही सगळे कधी एकत्र आले नाहीत. 2020 च्या दोन पुरवण्यांनी बरेच परत आणले, म्हणून ‘सोर्डमध्ये अमका नाही’ असे म्हणण्याआधी पुरवणीसह पाहिले की नाही ते तपासावे.

11. इतका राग आहे, तर खेळ विकले कसे जातात?

सोर्ड आणि शील्ड मिळून अडीच कोटींहून अधिक प्रती खपल्या, आणि स्कार्लेट-व्हायोलेटच्या पहिल्या तीनच दिवसांत एक कोटी. चर्चेत हिरिरीने भाग घेणारे लोक एकूण खरेदीदारांत मूठभर असतात. उरलेल्यांत पहिल्यांदाच पोकेमॉन हातात घेणारी मुले असतात, आणि रागावलेलेही शेवटी विकत घेतातच. खप मोठा म्हणून टीका खोटी ठरत नाही, तशीच टीका मोठी म्हणून खेळ पडला असेही म्हणता येत नाही.

12. खेळ खरोखर सोपे झाले आहेत का?

बऱ्याच अंशी होय, आणि त्याचे कारण बोट ठेवून दाखवता येते. सहाव्या पिढीपासून एक्स्प शेअर हे साधन संपूर्ण संघाला अनुभव देऊ लागला. तेव्हा तो बंद करता येत होता, पण आठव्या पिढीपासून ती सोयच काढून टाकली. समोरचा हरल्यावर आपला पोकेमॉन बदलण्याची संधी नाकारणारी ‘सेट’ पद्धत स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये निवडता येत नाही. अवघड खेळ हवा असलेल्यांच्या हातून एकेक साधन असे निसटत गेले.

कंपनीने उलट दिशेने केलेला प्रयत्न मात्र विचित्र होता. ब्लॅक 2 मध्ये चॅलेंज मोड आहे, पण तो उघडतो खेळ संपवल्यावर! ज्याला पहिल्याच फेरीत कस लागायला हवा होता, त्याला त्याचा उपयोग शून्य. म्हणूनच चाहत्यांनी स्वतःचे नियम केले. पुढील प्रश्न पाहावा.

13. नझलॉक म्हणजे काय? त्यावरून खेळाबद्दल मत बनवावे का?

2010 मध्ये एका वेबकॉमिकमधून प्रसिद्ध झालेली ही पद्धत आहे. प्रत्येक भागात पहिला भेटलेला पोकेमॉनच पकडायचा, आणि जो मूर्च्छित झाला तो मेला असे धरून कायमचा बाजूला ठेवायचा. बहुतेक जण प्रत्येकाला टोपणनावही देतात, आणि मग एका निर्णायक घावाने गेलेल्या साध्या पिजीसाठीही जीव हळहळतो. या नियमाने जोहतोतल्या गोल्डनरॉडची जिम लीडर व्हिटनी हिची मिलटॅंक, जी रोलआउटने दर फेरीला अधिक जोरात आदळते आणि मिल्क ड्रिंकने स्वतःला सावरते, ती खलनायिका ठरते. मत जरूर बनवावे, पण नझलॉकमधले मत आहे हे सांगून.

14. स्कार्लेट-व्हायोलेटवर टीका योग्य आहे का?

तांत्रिक टीका योग्य होती. दृश्य अडखळत असे, दूरची पात्रे धक्के खात चालत, आणि डिसेंबर 2022 च्या सुधारणेसोबत निन्टेन्डोने गैरसोयीबद्दल क्षमाही मागितली. जून 2025 मध्ये निन्टेन्डोच्या नव्या स्विच 2 या यंत्रासाठी मोफत सुधारणा आल्यावर तोच खेळ सफाईने चालू लागला, त्यामुळे आता मत देताना यंत्रही सांगावे लागते.

यंत्र बदलून न सुटणारा दोष वेगळा आहे. जिम कोणत्याही क्रमाने घ्या असे खेळ सांगतो, पण लेव्हल तुमच्यासोबत बदलत नाहीत. जिम लीडर कॅटीचा सर्वांत वरचा पोकेमॉन लेव्हल 15 चा आणि दुसरा जिम लीडर ग्रुशाचा 48 चा. जो आधी ग्रुशाकडे धडकला त्याला परतावे लागते, आणि जो कॅटीला शेवटी भेटला त्याची लढाई एका फटक्यात आटोपते. स्वातंत्र्य आहे, पण वाट आखलेलीच आहे. आम्हाला तरीही हा खेळ आवडतो, मुख्यतः त्यातल्या आर्व्हेन या पात्राच्या कथेमुळे.

15. स्पर्धा खेळणारे अमका पोकेमॉन ‘टाकाऊ’ म्हणतात. ते प्रमाण मानावे का?

आधी कोणती स्पर्धा ते विचारावे. अधिकृत स्पर्धा दुहेरी असते: सहांचा संघ दाखवून त्यांतले चार उतरवायचे. स्मोगॉन या चाहत्यांच्या समूहाचे नियम मुख्यतः सहा विरुद्ध सहा, एकेरीचे, आणि तिथे वापराच्या प्रमाणावरून श्रेणी ठरतात. एकीकडचा टाकाऊ दुसरीकडे अनमोल असू शकतो. 2014 च्या जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाच्या से-जुन पार्क यांनी पाचिरिसू या चिमुकल्या खारीला संघात घेऊन विजेतेपद मिळवले. तिचे काम नुकसान करणे नव्हतेच. ‘फॉलो मी’ वापरून समोरचे हल्ले स्वतःवर ओढायचे आणि शेजारच्या ग्याराडोसला मोकळीक द्यायची, हे ते काम. एकेरी लढाईत ही मूव्ह निरुपयोगी आहे.

16. भारतातील चाहत्यांची पसंती जपान-अमेरिकेपेक्षा वेगळी का दिसते?

आपल्याकडे 2003 पासून कार्टून नेटवर्कवर हिंदीतून पोकेमॉन आले, पण निन्टेन्डोची यंत्रे घरोघरी कधी पोहोचली नाहीत. त्यामुळे महाराष्ट्रातही अनेकांची खेळाशी पहिली भेट संगणकावरच्या इम्युलेटरवर (खेळाच्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर), बहुधा तिसऱ्या पिढीतल्या फायररेड किंवा एमराल्डने झाली. पाश्चात्त्य चाहत्याला रेड-ब्लूची (पहिल्या खेळांच्या जपानबाहेरच्या आवृत्तीची) जी ओढ असते, ती इथे तिसऱ्या पिढीबद्दल दिसते. मुख्य खेळ आजही कोणत्याही भारतीय भाषेत नाहीत. पोकेमॉन गो मात्र 2023 पासून हिंदीत आहे.

17. मी इम्युलेटरवर चौपट वेगाने खेळलो, किंवा रॉम हॅक खेळलो. माझे मत धरायचे का?

कथा, संगीत आणि रचना यांबद्दलचे मत धरावे. वेग आणि कष्ट यांबद्दलचे नाही: डायमंडचा सावकाश उतरणारा पट्टा चौपट वेगात खुपतच नाही, आणि जोहतोतली लेव्हल वाढवण्याची रखडपट्टी अर्ध्या तासात उरकते, त्यामुळे प्रश्न 4 आणि 6 मधल्या तक्रारी तुम्हाला अतिशयोक्त वाटतील. कुठेही सेव्ह करून हवे तेव्हा मागे जाता येत असेल, तर अवघडपणाबद्दलही बोलणे कठीण. रॉम हॅकमध्ये चाहत्यांनी लेव्हल, मूव्ह आणि कधी कधी पोकेमॉनचे टाइपही बदललेले असतात. तिथला ब्रॉक वेगळा आणि तिथले ऑनिक्सही वेगळे. त्या खेळाचे कौतुक त्याच्या नावाने करावे, मूळ फायररेडच्या खात्यावर ते मांडू नये.